चेंदणी ते दिवाळे : चार ओहोट्यांचा प्रवास

ठाण्यातल्या नौपाड्याच्या आमच्या घरी तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या खाण्याच्या शिंपल्या, दारावर यायच्या. डोक्यावर पाटी घेऊन आलेली कोळीण पायरीवर बसून वाटे मांडी, आणि आई भाव पाडू लागली की ‘खाडीच्या हायेत, आत्ताच काढल्यात’ हे तिचे शेवटचे वाक्य असे. त्यापुढे घासाघीस होत नसे. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी स्वतः बाजारात जाऊ लागले, तेव्हा तिसऱ्या कुठल्या असे विचारताच विक्रेतीने घाईघाईने सांगितले, “खाडीच्या नाहीत हो ताई, लांबून आल्यात.” जे नाव सांगितल्यावर माल विकला जात असे, तेच नाव आता माल विकण्यासाठी झाकावे लागते. एका आयुष्यात झालेला हा बदल मला फार लागला.

माझी भाची सागरी जीवशास्त्रात संशोधन करते. तिसऱ्यांच्या मांसात कोणते धातू किती साठतात हे पाहण्यासाठी तिला ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठावरून नमुने गोळा करायचे होते. “आत्या, चार दिवस आहेत, चार ओहोट्या मिळतील, येतेस का?” असे तिने विचारले आणि मी लगेच हो म्हटले. या भागात जन्म गेला, पण ठाण्यापासून बेलापूरच्या दिवाळे गावापर्यंत खाडीचा काठ मी सलग कधी पाहिला नव्हता.

पहिला दिवस : चेंदणी आणि मीठबंदर

निघायला पौष अमावस्या निवडली ती उधाणासाठी. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते आणि एरवी पाण्याखाली राहणारा चिखल उघडा पडतो. अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सहाच्या आसपास असते, खाडीच्या माथ्याला ती काहीशी उशिरा पोहोचते आणि दर दिवशी पाऊणेक तास पुढे सरकते. आमचे चारही दिवस या घड्याळावर बांधलेले होते.

ठाणे पूर्वेला स्थानकापासून चालत चेंदणी कोळीवाड्यातून मीठबंदराकडे निघालो तेव्हा उजाडत होते. मिठागरांतले मीठ गलबतांत चढवण्याचे दिवस गेले तरी रस्त्याला ते नाव राहिले आहे. काठावर तिवरांच्या मुळांत अडकलेले प्लास्टिक, त्यापलीकडे काळसर चिखलाचा पट्टा आणि त्याच्याही पलीकडे कळव्याच्या बाजूला धुक्यात दिसणारे पूल, असे ते दृश्य होते. खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे आणि इथे तिच्या माथ्याला ती इतकी अरुंद होते की पलीकडच्या काठावर कोणी हाक मारली तर ऐकू येईल असे वाटते. उल्हास नदीशी तिला जोडणारा फाटा चिंचोळा आहे आणि पावसाळ्याचे महिने सोडले तर वरून येणारे गोडे पाणी फार थोडे असते. त्यामुळे ओहोटीबरोबर खाली गेलेले पाणी मोकळ्या समुद्रात मिसळण्याआधीच पुढच्या भरतीबरोबर बरेचसे पुन्हा वर येते. या खाडीत एकदा पडलेली वस्तू सहजासहजी बाहेर जात नाही, ही गोष्ट पुढे चारही दिवस आमच्या मनात राहिली.

बंदरावर साठीच्या पुढची एक कोळी बाई कासोटा घट्ट करून चिखलात उतरायच्या तयारीत होती. भाचीने तिला काय हवे ते सांगितले, तेव्हा तिने आम्हा दोघींच्या पायांकडे पाहून चपला काढायला लावल्या आणि चिखलात टाच आधी न टेकता पाऊल आडवे कसे टाकायचे ते दाखवले. “बाय, माझ्या सासूच्या वक्ताला हितं ओंजळ घातली तरी तिसऱ्या यायच्या,” ती म्हणाली, “आता अख्खी सुकती गेली तरी वाटा भरत नाही.” ओहोटीला ती सुकती म्हणत होती. हाताची बोटे चिखलात खुपसून ती डोळे मिटल्यासारखी काहीतरी चाचपत होती आणि दर पाचसहा खेपांना एक शिंपली वर येत होती. तासाभरात आमच्या बादलीत तीसेक तिसऱ्या जमल्या आणि त्यांतल्या बहुतेक तिनेच काढलेल्या होत्या.

काठावर बसून भाचीने खाडीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या तसराळ्यात त्या सोडल्या. पहिली दहा मिनिटे काहीच घडले नाही. मग एका तिसरीची फट केसभर रुंदावली, आतून फिकट पिवळसर रंगाच्या दोन आखूड नळ्या बाहेर आल्या आणि त्यांच्या टोकांवरची झालर थरथरू लागली. भाचीने ड्रॉपरमधून चिखलाचे गढूळ पाणी एका नळीपाशी सोडले. ते सावकाश आत ओढले गेले आणि क्षणभराने दुसऱ्या नळीतून स्वच्छ धार बाहेर आली. शिंपली अशी जगते. पाणी आत घ्यायचे, कल्ल्यांवरून फिरवायचे, त्यातले सूक्ष्म शेवाळ आणि गाळाचे कण अडकवायचे आणि पाणी सोडून द्यायचे. कालव हाही शिंपल्याचाच एक प्रकार, आणि मोठ्या आकाराचे कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी असे गाळू शकते. पाण्यात जे अत्यंत विरळ असते ते शिंपलीच्या मांसात घट्ट होत जाते, कारण येणारे रोज येते आणि जाणारे फार हळू जाते. कॅडमिअम, पारा, शिसे यांना बांधून ठेवणारी प्रथिने आणि कण तिच्या पेशींत असतात. त्या बंदोबस्ताने ती स्वतः जगते, पण तिला खाणाऱ्याच्या पोटात तो सगळा साठा जातो.

एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये सुचवले होते की समुद्राचे प्रदूषण मोजायचे तर नुसते पाणी तपासण्यापेक्षा शिंपले तपासावेत, कारण पाणी त्या क्षणाचे सांगते आणि शिंपला गेल्या काही महिन्यांचे सांगतो. त्या सूचनेतून ‘मसल वॉच’ (मसल हा शिंपल्याचा एक प्रकार) हा कार्यक्रम उभा राहिला आणि अमेरिकेच्या किनाऱ्यांवर तो १९८६ पासून नियमित चालू झाला. माझ्या भाचीचे काम त्याच वाटेवरचे आहे.

संध्याकाळी घरी तिने प्रत्येक तिसरीची लांबी व्हर्निअरने मोजली, कारण वय आणि आकार यांप्रमाणे धातूचे प्रमाण बदलते आणि लहानमोठ्या एकत्र केल्या तर तुलना फसते. पोटातला चिखल बाहेर पडावा म्हणून तिने त्या गाळलेल्या खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. हे दृश्य मला चांगलेच ओळखीचे होते. आईही मिठाच्या पाण्यात तिसऱ्या भिजत घाली आणि सकाळी पातेल्याच्या तळाशी साचलेली रेती दाखवून ‘बघ, साफ झाल्या’ म्हणे. साफ होत असे ती रेती. स्वच्छ पाण्यात दोनेक दिवस ठेवलेल्या शिंपल्यांतले रोगजंतूही पुष्कळ कमी होतात आणि अनेक देशांत विक्रीपूर्वी तसे करतातच, परंतु पेशींत बांधला गेलेला कॅडमिअम दोन दिवसांत निघत नाही. उकळून किंवा तळूनही तो जात नाही. जंतू मरतात, पण धातू मूलद्रव्य आहे. त्याचे मरण विस्तवावर होत नाही. वर्गात हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले असेन, आणि आईचे पातेले मात्र त्या वाक्यासमोर मी कधी ठेवले नव्हते.

दुसरा दिवस : ऐरोली

हा दिवस लहान होता. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवणाऱ्या बोटी भरतीच्या वेळेनुसार सुटतात, आमची दुपारी एकच्या सुमारास सुटली. इथल्या खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्याच्या हद्दीत नमुने काढणे योग्य नव्हते, म्हणून आम्ही केवळ पाहायला आलो होतो.

तिवरांच्या कडेने उभे असलेले हजारो रोहित पाहून बोटीतली मुले आनंदाने ओरडली आणि मलाही आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. परंतु एका गृहस्थांनी आपल्या मुलाला सांगितले, “एवढे पक्षी येतात म्हणजे पाणी स्वच्छ असणार,” तेव्हा मला राहवले नाही. छोट्या जातीच्या रोहितांचे मुख्य अन्न निळेहिरवे शेवाळ, आणि सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर शेवाळ चांगलेच माजते. पक्षी आले म्हणजे अन्न आहे, एवढेच त्यातून कळते. मी हे त्या मुलाला सांगितले आणि त्याने तिथल्या तिथे विचारले, “मग त्या पक्ष्यांच्या पोटात काय जातं?” याच्याइतका नेमका प्रश्न मला चार दिवसांत कोणी विचारला नाही. मोठ्या जातीचे रोहित चिखलातले बारीक शिंपले आणि किडे खातात, म्हणजे आमच्या बादलीत जे होते तेच त्यांच्याही ताटात असते.

परतताना बोटीतून ठाणे–बेलापूर पट्ट्याच्या इमारती दिसत होत्या. एके काळी जिथे रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या होत्या त्यांपैकी कितीतरी जागांवर आता काचेचे आयटी पार्क उभे आहेत. भाची म्हणाली की कारखाना गेला तरी त्याचा चिखल जागेवर राहतो, आणि ते खरेच आहे. पाण्यातले धातू बारीक मातीला आणि सेंद्रिय कणांना चिकटून तळाशी बसतात. खोल गेलेल्या प्राणवायुहीन थरात ते गंधकाशी बांधले जाऊन स्थिर होतात. पुढे पुलाच्या खांबासाठी किंवा गाळ उपसण्यासाठी तो थर कोणी ढवळला की त्याला हवा लागते आणि बांधलेले पुन्हा सुटते. चाळीस वर्षांपूर्वी नाल्यात सोडलेल्या धातूचा कण आजच्या तिसरीत सापडू शकतो, त्याचे कारण हे आहे.

तिसरा दिवस : कोपरखैरणे, पावणे, वाशी गाव

सकाळी आठच्या ओहोटीसाठी आम्ही कोपरखैरण्याला उतरलो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी रसायने, औषधे, रंग, धातूकाम यांचे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये आली. म्हणजे नवी मुंबईच्या रहिवाशांआधी इथे कारखाने होते आणि कारखान्यांआधी आगरी-कोळ्यांची गावे होती, ज्यांची मिठागरे, भातशेती आणि खाडी एकमेकांना लागून होती. डोंगरातून खाडीकडे येणारे सगळे ओहोळ औद्योगिक पट्ट्यातून वाहतात, त्याला भूगोलच कारण आहे.

अशाच एका नाल्याच्या काठाने आम्ही खाली चालत गेलो. पाणी फिकट तपकिरी होते, वास औषधाच्या जुन्या कपाटासारखा येत होता आणि पुलाखाली कडेला फेस साठला होता. हे पाणी कोणाचे, हे काठावर उभे राहून सांगता येत नाही आणि मी ते सांगणारही नाही. पावण्याला कारखान्यांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि त्यामुळे परिस्थितीत फरक पडला हे जुने लोकही मान्य करतात. परंतु रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: सामाईक केंद्रातली जीवाणूंवर चालणारी प्रक्रिया सेंद्रिय घाण खाऊन टाकण्यासाठी असते. धातू ती खाऊ शकत नाही. ते काही प्रमाणात गाळात जातात आणि उरलेले पाण्याबरोबर पुढे जातात. म्हणून धातू काढायचे तर कारखान्याच्या आतच, ते पाणी इतरांच्या पाण्यात मिसळण्याआधी काढावे लागतात. जो कारखानदार ते करतो त्याला खर्च येतो, आणि जो रात्री नाल्यात सोडून देतो त्याचा खर्च खाडीवर पडतो.

खाली नाल्याच्या तोंडाशी सिडकोने बांधलेला धारण तलाव लागला. शहर भरतीच्या पातळीला लागून वसवल्यामुळे असे तलाव नवी मुंबईत ठिकठिकाणी आहेत. भरतीला खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून दारे मिटतात आणि ओहोटी लागली की साचलेले पाणी बाहेर पडते. त्या दिवशीही पडत होते. भाचीने तिथेच मला एक गोष्ट दाखवली, जी पुस्तकात मी कितीदा शिकवली होती. तिने नाल्याच्या पाण्याची क्षारता, म्हणजे ते किती खारे आहे ते, मोजली, मग शंभर पावलांवर खाडीत मोजली, आणि आकडा कित्येक पट वाढला. गोड्या पाण्यात मातीच्या कणाला चिकटून आलेला कॅडमिअम इथे, या शंभर पावलांत, समुद्राच्या मिठातल्या क्लोराइडशी जोडी जमवून मातीचा हात सोडतो आणि विरघळतो. नेमक्या याच पट्ट्यात, गोड्या-खाऱ्याच्या सीमेवर, तिसऱ्या आणि कालवे चांगली पोसतात.

पाऱ्याची गोष्ट याहून वाईट आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि ते रूप अन्नसाखळीत चढत जाते. जपानच्या मिनामाता उपसागरात तर मिथिल पारा कारखान्यातूनच येत होता. १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षे तो पाण्यात पडत राहिला, मांजरे झटके येऊन मेली, १९५६ मध्ये माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला आणि पहिले बळी गेले ते रोज मासे-शिंपले खाणाऱ्या कोळी कुटुंबांतले. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्याबद्दल राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता. ठाण्याची खाडी म्हणजे मिनामाता, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे आणि भीती पसरवणारे होईल. परंतु तिथे आधी मांजरे आणि मग कोळी, हा क्रम होता. जो किनाऱ्याच्या सर्वांत जवळ राहतो आणि सर्वांत जास्त मासळी खातो त्याच्या ताटाची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, ही मागणी मला त्या क्रमातून शिकायला मिळाली.

वाशी गावात पुलांच्या सावलीत जाळे शिवत बसलेल्या एका काकांशी बोलणे झाले. खाडीवरचा वाशीचा पहिला रस्ता-पूल १९७३ चा. त्याच्या बांधकामाच्या वेळी ते शाळेत होते. “निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, कालवं, जिताडा... काय नव्हतं?” ते म्हणाले. मग त्यांनी सांगितले की मध्यंतरी कित्येक वर्षे मासळीला रॉकेलसारखा वास यायचा आणि गिऱ्हाईक माल परत आणून टाकायचे. “आता तसा वास येत नाही, म्हणजे सुधारलंच म्हणायचं ना, बाई?”

या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड गेले. तेलकट पदार्थ आणि फिनॉल मासळीला फार थोड्या प्रमाणातही वास आणतात, तो वास गेला असेल तर ती खरोखर चांगली बातमी आहे, आणि मी तसे त्यांना सांगितले. पण कॅडमिअमला वास नाही, शिशाला चव नाही. आणि उलट ओहोटीला काळ्या चिखलातून येणारा सडक्या अंड्यांचा वास, ज्याने शहरातली माणसे नाक धरतात, तो कुठल्याही निरोगी तिवरांच्या दलदलीतही येतो. नाक दोन्हीकडून फसवते. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग आमी वळखायचं कसं?”

ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते, एवढेच मी सांगू शकले. ते उत्तर त्यांना किती अपुरे वाटले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि रात्री झोप लागेपर्यंत ते मलाही पुरेसे वाटले नाही.

चौथा दिवस : सारसोळे आणि दिवाळे

नेरुळच्या सारसोळे जेट्टीवर आम्ही फार थांबलो नाही. नमुन्यापुरत्या तिसऱ्या मिळाल्या, त्या पुड्यात बांधल्या आणि नऊच्या आत बेलापूरच्या दिवाळे गावात पोहोचलो. इथे पनवेलची खाडी येऊन मिळते आणि तिच्याबरोबर तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीकडून कासाडी नदीचे पाणीही येते. त्या नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला होता. त्यामुळे दिवाळ्याच्या लोकांना भाचीचे काम समजावून सांगावे लागले नाही. “पाणी नेणार की चिखल?” असे एका तरुणाने विचारले आणि तिसऱ्या म्हटल्यावर समाधानाने मान हलवली.

धक्क्यावर एक होडी उलटी करून तिच्या तळाला रंग देणे चालू होते. होडीच्या तळाला शिंपले आणि बार्नेकल (कवचाचे चिकटून राहणारे बारीक जीव) चिकटू नयेत म्हणून जगभर एके काळी ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग घातलेला रंग वापरत. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पिल्लेच धरेनात आणि मोठ्या कालवांचे कवच विचित्र जाड होऊ लागले, त्यामागे हा रंग असल्याचे उघड झाले. १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर त्याला बंदी घातली गेली आणि काही वर्षांतच कालवांचे पीक पुन्हा उभे राहिले. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेही त्याला मनाई झाली. कारण सापडले, ते बंद केले आणि शिंपले परत आले. ही गोष्ट मी रंग देणाऱ्या मुलांना सांगितली, तेव्हा त्यांनी डब्यावरचे लेबल मला वाचायला दिले. त्यात ताम्र संयुग होते, ट्रायब्युटिल टिन नव्हते.

धक्क्याजवळच्या बाजारात एका आजीपुढे तिसऱ्या, कालवांचे मांस आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, होते. तिच्याशी बोलताना ऑगस्ट २०१० चा विषय निघाला, मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले ते दिवस. मासळी खाऊ नका अशी सूचना तेव्हा निघाली होती आणि बाजार ओस पडला होता. “पंधरा दिसांनी लोक परत मासे खाऊ लागले, पण किती दिसांनी खायचे ते कोणी सांगितलंच नाय,” आजी म्हणाली. तिच्या बोलण्यातला मुद्दा नेमका होता. तेलातली विषारी संयुगे माशाचे यकृत बऱ्याच वेगाने मोडून टाकते, शिंपल्यांना ते नीट जमत नाही. म्हणून तेल सांडल्यावर मासे लवकर सुरक्षित होतात आणि शिंपले उशिरा. दोघांना एकच तारीख लावता येत नाही.

भाचीने तिला मर्यादांबद्दलही सांगितले, ते आजूबाजूच्या बायकाही ऐकू लागल्या. युरोपीय संघात शिंपल्यांच्या एक किलो ओल्या मांसात शिसे दीड मिलिग्रॅम आणि कॅडमिअम एक मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त चालत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात कालवे आणि स्कॅलप नावाचे शिंपले वगळून इतर शिंपल्यांसाठी कॅडमिअमची मर्यादा दोन मिलिग्रॅम आहे. मात्र शास्त्रज्ञ मांस वाळवून मोजतात आणि त्यांचे आकडे पुष्कळदा वाळलेल्या वजनावर दिलेले असतात. तिसरीच्या मांसात साधारण ऐंशी टक्के पाणी असते, म्हणजे वाळल्यावरचा पाचाचा आकडा ओल्या मांसात एकच भरतो. ही एक ओळ न वाचता कोणी ‘मर्यादेच्या पाचपट’ असे छापले की दिवाळ्याच्या बायकांच्या पाट्या आठवडाभर भरलेल्याच परत जातात. प्रदूषण लपवणे हा अन्याय आहेच, पण ते चुकीचे मोजून सांगणे हाही याच बायकांवरचा अन्याय आहे. कोणत्या जागेच्या, कोणत्या महिन्यातल्या, कोणत्या शिंपल्यात काय सापडले हे जागेच्या नावानिशी नियमित जाहीर व्हावे, म्हणजे चांगल्या जागेचा माल चांगल्या नावाने विकता येईल आणि वाईट जागी शिंपल्यांना नव्हे, वरच्या नाल्याला जाब विचारता येईल. निर्यात होणाऱ्या मालासाठी आपल्या देशात तपासणीची व्यवस्था आहे. दिवाळ्याच्या बाजारात येणाऱ्या गिऱ्हाइकाचे पोट त्याहून वेगळे नाही.

आजीने चिंबोरीचे कवच उघडून आतला पिवळा मगज दाखवला आणि विचारले, “हा खायचा का नाय?” पांढऱ्या मांसापेक्षा त्या मगजात कॅडमिअम कितीतरी जास्त साठतो, म्हणून रोज खाणाऱ्याने आणि लहान मुलांना देताना तो काढून टाकलेला बरा, असे भाचीने सांगितले. चार दिवसांत आम्ही दिलेला हा एकच सल्ला होता जो आज घरी जाऊन पाळता येण्यासारखा होता, आणि तो ऐकून शेजारची बाई म्हणाली, “तोच तर आमी पोरांना देतो.”

चेंदणी, कोपरखैरणे, सारसोळे आणि दिवाळे असे चार पुडे बर्फाच्या पेटीत गेले. ते आता प्रयोगशाळेत वाळतील, नायट्रिक आम्लात विरघळतील आणि यंत्रासमोर जातील. आकडे यायला काही आठवडे लागतील. पेटी बंद करताना आजी उठून आली. तिने दिवाळ्याच्या पुड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “काय निघालं ते आधी आमाला सांग. पेपरात मागून येऊ दे.”

भाचीने हो म्हटले. पुड्याच्या मागच्या बाजूला, जागा आणि वेळ लिहिली होती त्याखाली, तिने आजीच्या नातवाचा फोन नंबर लिहून घेतला आणि तो बरोबर उतरला आहे ना, हे त्याच्याकडून एकदा वाचून घेतले.